ऑर्डर आली, पण विक्री झाली का?

बी.कॉम.ला हिशेबाचा आणि व्यापारी कायद्याचा पेपर एकाच सत्रात होता. व्याख्या पाठ होत्या, जमा-नावेही जमत होतं. पण या दोन विषयांचा एकमेकांशी काय संबंध, ते मला कळलं अक्कलकोट रोड एमआयडीसीत, मामाच्या टॉवेलच्या कारखान्यात.

एका व्यापाऱ्याची १,००,००० रुपयांची ऑर्डर आली होती, २०,००० रुपये आगाऊ बँकेत आले होते.

"मामा, विक्री लिहू का?"

"माल गाडीत चढल्याशिवाय बिल फाडत नसतात गं."

घरी येऊन पुस्तक उघडलं. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल (म्हणजे वचनाच्या बदल्यातला मोबदला) जुळलं होतं, म्हणजे दोघेही करारानं बांधले गेले होते. पण १९३० चा वस्तुविक्री कायदा विक्रीचा करार आणि विक्री वेगळे धरतो: मालाची मालकी ग्राहकाकडे गेली की विक्री. म्हणून रोजकीर्दीत आज फक्त बँक नावे २०,०००, ग्राहकाची आगाऊ रक्कम जमा २०,०००. ते उत्पन्न नाही, देणं आहे. माल दिला नाही तर परत करावं लागेल. माल गेला की ग्राहक नावे, विक्री जमा १,००,०००, आणि आगाऊ रक्कम वळती करून येणं उरतं ८०,०००. (जीएसटी मी मुद्दाम बाजूला ठेवलाय.)

अज्ञानाशी, म्हणजे कायद्यानं सज्ञान न झालेल्या व्यक्तीशी, केलेला ठराव मुळातच रद्दबातल, हा १९०३ चा मोहरीबीबी खटल्याचा निकाल लक्षात ठेवायला सोपा. मला जास्त आवडला तो बुडीत कर्जाचा भाग. मामाच्या वहीत एक जुनं येणं बुडीत दाखवलेलं होतं. मला वाटायचं, तिथं विषय संपला. पण वहीत बुडीत लिहिल्यानं वसुलीचा हक्क जात नाही. उधार विकलेल्या मालाच्या पैशांसाठी साधारण ३ वर्षांत दावा लावावा लागतो. ती मुदत गेल्यावरही ऋणकोनं फेडीचं वचन लेखी, सहीनिशी दिलं, तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे ते नव्या प्रतिफलाशिवायही करार ठरतं. वचन तोंडी असेल तर उपयोग नाही.

तेव्हापासून अभ्यासाची पद्धत मी बदलली. प्रत्येक उदाहरणाला आधी विचारायचं: कोण कशाला बांधला गेला? मग: आज वहीत काय लिहायचं? पेपरात विक्री आणि विक्रीचा करार यांतला फरक विचारला होता. मी टॉवेलचं उदाहरण नोंदींसकट लिहिलं.