माहेरी निघताना बीपीचे आकडे सोबत न्या

कोकणात पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी. मुंबईत नाव नोंदवलेली लेक सातव्या महिन्यात खेडला किंवा देवगडला येते, आणि गरोदरपणातलं बीपी वाढण्याचा काळही नेमका तोच. २० आठवड्यांनंतर ते कधीही चढू शकतं, शेवटच्या तीन महिन्यांत जास्त. बहुतेकींना काही जाणवत नाही. १३४/८६ हा आकडा तिचा नेहमीचा की चढत चाललेला, हे गावातल्या डॉक्टरांना आधीच्या नोंदींशिवाय कळत नाही. म्हणून ओटीच्या साडीआधी माता-बाल संरक्षण कार्ड, लघवीचे रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला.

चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं, तर बीपी वाढलं असं धरतात. वरचा किंवा खालचा, एक आकडा ओलांडला तरी पुरे. १६०/११० आलं तर पंधरा मिनिटांत पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय.

मोजण्यातच गफलती फार. घाटी चढून उपकेंद्रात आलेलीचं बीपी लगेच घेऊ नये. लघवीला जाऊन यावं, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्टा आकडा फुगवतो.

"मीठ बंद कर" हा सल्ला घरोघरी मिळतो. पण या आजाराचं मूळ वारेला (प्लासेंटाला) रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या सुरुवातीला नीट न रुंदावण्यात आहे. अळणी जेवून तो टळत नाही, भूक मात्र मरते. सुकट, पापड, लोणचं बेतानं खावं, एवढंच. आधीपासून बीपी असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारा. कॅल्शियमचा मात्र खरा उपयोग आहे, विशेषतः आहारात ते कमी असेल तर: १४ आठवड्यांपासून ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, जेवणानंतर, लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. नाचणीची भाकरी आणि काट्यासकट खाल्लेली बारीक मासळी ही त्यावर भर. मागच्या खेपेला बीपी झालेलं, जुळी, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर १२ आठवड्यांपासून रात्री ॲस्पिरिनची छोटी मात्रा देतात. सातव्या महिन्यात सुरू करून तो फायदा मिळत नाही.

औषधं लागली तर लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा. सासऱ्यांच्या डब्यातली टेल्मिसार्टन कधीही नको, बाळाच्या मूत्रपिंडाला इजा होते. बीपी आधीपासूनचं असून तीच गोळी चालू असेल, तर दिवस राहताच बदलून घ्या.

पाय सुजणं एकवेळ नेहमीचं. पण चेहरा-हात अचानक सुजणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांसमोर काजवे, उजव्या बरगडीखाली कळ, लघवी कमी होणं, दम लागणं यांत "पित्त झालंय" म्हणून आमसुलाचं पाणी देत बसू नका. फिटचा झटका आला तर डाव्या कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, १०८ लावा. झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येतो. तो देऊनच ओरोस, रत्नागिरी किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात पुढे न्यावं. पावसात साकव बुडतो त्या वाडीने नववा लागताच रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडे मुक्काम हलवावा.

बाळ झालं की बीपी त्याच दिवशी उतरतं असं नाही. तिसऱ्या ते सहाव्या दिवशी ते पुन्हा चढतं, आणि नेमकी तेव्हा बाळंतीण घरी येऊन शेकशेगडीवर असते. तिचं डोकं दुखलं तर वारा लागला म्हणून कानाला फडकं बांधण्याआधी आशाताईंना बोलावून बीपी मोजून घ्या.