छताचं लॅच

आजचा अख्खा रविवार गाडीच्या छतापायी गेला आणि मनापासून मस्त वाटतंय. आमची एमएक्स-५, म्हणजे माझदाची कापडी छत मागे दुमडता येणारी छोटी गाडी, पहिल्या पिढीतली, १९८९ ला शिकागोच्या ऑटो शोमध्ये आली तीच, वर उघडणाऱ्या हेडलाइटवाली. इकडे इंग्लंडात पाऊस सांगून येत नाही, त्यात मोटरवेवर उजव्या लॅचपाशी, म्हणजे छत अडकवायच्या कडीपाशी, शिट्टी वाजायची आणि ड्रायव्हरच्या मांडीवर थेंब.

सगळे म्हणत होते लॅचच बदल, पण मला आधी कारण बघायचं होतं. पुढच्या काचेच्या फ्रेमला दोन लॅच अडकतात, डावं आणि उजवं, आणि हुक फिरवून त्याची पकड घट्ट-सैल करता येते. थंडीत छताचं व्हिनाइल (प्लॅस्टिकसारखं कापड) आखडतं म्हणून सकाळी हातच लावला नाही, गाडी दुपारच्या उन्हात तापू दिली, मग छत जिथे फ्रेमला टेकतं तिथल्या रबरावर कागदाची पट्टी ठेवून छत बंद केलं आणि पट्टी ओढली. डावीकडे हलेना, उजवीकडे अलगद बाहेर! म्हणजे लॅच धडधाकट, फक्त हुक सैल.

इथे घाई नको हं, हुक जास्त आवळला तर हँडलला जोर लागतो आणि ताण कापडावर, फ्रेमवर येतो. म्हणून अर्धा फेरा, परत कागद, परत थोडा फेरा, असं करत दोन्ही बाजू सारख्या केल्या आणि वाळलेल्या रबराला सिलिकॉन ग्रीस लावलं. मग मी आत बसलो आणि बायकोने वरून पाइपने पाणी मारलं, एक थेंब नाही!!

आता पुढच्या रविवारी मागची प्लॅस्टिकची काच, तिची चेन अडकायला लागलीये.