साठ हजार मुलांच्या विद्यापीठात आपला निभाव लागेल का, हे आम्ही कसं तपासलं

मोठं विद्यापीठ आवडेल का, असं लेकीला थेट विचारून हाती काहीच लागत नव्हतं. कॅम्पसचा व्हिडिओ बघितला की हो, आणि पाचशे मुलांच्या हॉलचा फोटो दिसला की नको. अर्ज करायचे होते ते बहुतेक अमेरिकेतल्या मोठ्या सरकारी विद्यापीठांत. म्हणून आम्ही तो प्रश्न सोडून दिला आणि तिच्याकडून अपेक्षा लिहून घेतल्या, पण तपासता येतील अशा शब्दांत. ‘चांगले प्रोफेसर हवेत’ हे कुठेच तपासता येत नाही. ‘पहिल्या वर्षी निदान एका विषयात शिकवणाऱ्याला माझं नाव माहीत असावं’ हे तपासता येतं. ‘दुसऱ्या वर्षी मेजर (पदवीचा मुख्य विषय) बदलावासा वाटला तर बदलता यावा’, ‘दुसऱ्या वर्षापर्यंत एखाद्या लॅबमध्ये काम मिळावं’, ‘दोन वर्षं तरी हॉस्टेल असावं’, हीसुद्धा तशीच वाक्यं. शेवटी त्यातली दोन वाक्यं अधोरेखित केली: ती पुरी होत नसतील तर बाकी काहीही असो, ते विद्यापीठ यादीतून बाहेर.

आता आकड्यांकडे. कार्नेगी या अमेरिकेतल्या शिक्षणसंस्थांच्या वर्गीकरणात चार वर्षांच्या पदवीची संस्था १०,००० विद्यार्थ्यांपासून ‘मोठी’ धरली जाते. ओहायो स्टेटच्या कोलंबस कॅम्पसवर साठ हजारांहून जास्त विद्यार्थी आहेत. म्हणजे ‘मोठी’ या एकाच खणात दहा हजारही आणि साठ हजारही. शिवाय एकूण आकड्यात मास्टर्स-पीएचडीवाले असतात, काही ठिकाणी घरबसल्या शिकणारेही असतात; अ‍ॅरिझोना स्टेटच्या एकूण संख्येत ऑनलाइन विद्यार्थ्यांचा वाटा फार मोठा आहे. म्हणून आधी कॅम्पसवरचे पदवीचे विद्यार्थी वेगळे काढायचे, मग विद्यापीठाच्या आतलं आपलं कॉलेज, मग आपला विभाग. साठ हजारांच्या विद्यापीठात भूगर्भशास्त्राचा विभाग एखाद्या छोट्या कॉलेजइतका आटोपशीर असू शकतो, आणि त्याच आवारात कम्प्युटर सायन्सला बसायला जागा नसते.

सगळ्यात जास्त माहिती मिळाली ती ‘कॉमन डेटा सेट’मधून. विद्यापीठं दरवर्षी एकाच ठरावीक नमुन्यात हा तक्ता भरतात आणि बहुतेक जण तो आपल्या साइटवर पीडीएफ म्हणून ठेवतात. विद्यापीठाचं नाव आणि ‘कॉमन डेटा सेट’ एवढं शोधलं की सापडतो. बी विभागात पहिल्या वर्षानंतर किती मुलं टिकली ते कळतं, एफ विभागात किती टक्के मुलं विद्यापीठाच्या हॉस्टेलमध्ये राहतात ते, आणि आय विभागात वर्गांचे आकार. आय विभाग नीट वाचला पाहिजे, कारण जाहिरातीतली सगळी गोड वाक्यं इथूनच निघतात.

त्यात वर्ग २ ते ९, १० ते १९, असे गट करत ५० ते ९९ आणि शेवटी १०० व त्यावर, असे मांडलेले असतात. मोजणी वर्गांची असते, मुलांची नाही. हा फरक किती महागात पडतो ते बघा. समजा, एका विभागात दहा वर्ग चालतात. नऊ वर्गांत दहा-दहा मुलं आणि एका वर्गात ४००. विभाग म्हणणार, ‘आमचे ९० टक्के वर्ग २० पेक्षा लहान आहेत, सरासरी ४९.’ दोन्ही खरं. पण एकूण ४९० जागांपैकी ४०० जागा त्या एका हॉलमध्ये आहेत. म्हणजे दर शंभरातली ब्याऐंशी मुलं चारशेच्या गर्दीत बसलेली. म्हणून आम्ही प्रत्येक गटातल्या वर्गांची संख्या गटाच्या मधल्या आकड्याने गुणायचो (शंभरच्या वरच्या गटासाठी निदान १५० धरून) आणि मग टक्के काढायचो. ‘शंभरच्या वरचे वर्ग फक्त सहा टक्के’ म्हणणाऱ्या विद्यापीठाचं चित्र या एका गुणाकाराने पार बदलतं.

विद्यार्थी-शिक्षक गुणोत्तराचंही तसंच. १८:१ याचा अर्थ वर्गात अठरा मुलं असा मुळीच नाही. संशोधनात गुंतलेले, त्या सत्रात एकही पदवीचा वर्ग न घेणारे प्राध्यापकही त्या गणतीत येऊ शकतात. या आकड्यावरून मी कुठलंही मत बनवणार नाही.

मोठ्या लेक्चरची भीतीही जरा तपासून घ्यावी. नेहमीची रचना अशी: आठवड्याला दोन-तीन लेक्चर्स मोठ्या हॉलमध्ये आणि एक डिस्कशन सेक्शन वीस-तीस मुलांचा, जो पीएचडी करणारा टीए, म्हणजे शिकवण्यात मदत करणारा विद्यार्थी, घेतो. तक्त्यात हे सेक्शन वेगळ्या ओळीत, सब-सेक्शन म्हणून येतात. जिला ऐकून, टिपणं काढून, नंतर ऑफिस अवर्सला (प्राध्यापक शंकांसाठी ठेवतात त्या वेळेला) जाऊन विचारायची सवय आहे, तिला चारशेचा हॉल फारसा नडत नाही. ऑफिस अवर्सला मुलं कमीच येतात. जिला शंका आली त्या क्षणी विचारायची असते, तिची मात्र कुचंबणा होते. हा स्वभावाचा प्रश्न आहे, हुशारीचा नाही.

यानंतर आम्ही जे केलं ते प्रत्येकाने करावं, असं मला मनापासून वाटतं: पहिल्या सत्राचं खोटं वेळापत्रक बनवायचं. पदवीला साधारण १२० क्रेडिट्स (अभ्यासाची एककं), आठ सत्रं, म्हणजे सत्राला १५. विभागाच्या साइटवर चार वर्षांचा नमुना आराखडा असतो. त्यातले पहिल्या सत्राचे विषय घ्यायचे आणि विद्यापीठाच्या सार्वजनिक क्लास शेड्यूलमध्ये एकेक शोधायचा. इलिनॉय अर्बाना-शँपेनचा कोर्स एक्सप्लोरर कुणालाही उघडता येतो. बर्कलीच्या शेड्यूलमध्ये किती जागा, किती भरल्या, वेटलिस्टवर किती, हेही दिसतं. टेक्सासमध्ये २००९ च्या कायद्याने सरकारी विद्यापीठांना पदवीच्या विषयांचे सिलॅबस जाहीर ठेवावे लागतात, त्यामुळे परीक्षा किती, गृहपाठ किती, ग्रेड कशी ठरते तेही आधी वाचता येतं.

प्रत्येक विषयापुढे चार गोष्टी लिहायच्या: वर्गाचा आकार, शिकवणारं कोण, कुठली इमारत, किती वाजता. कॅल्क्युलस आणि केमिस्ट्री मोठ्या हॉलमध्ये जाणार, हे धरूनच चालायचं. लेखनाचा सक्तीचा विषय मात्र मोठ्या विद्यापीठातही सहसा वीस-पंचवीसच्या वर्गात चालतो, परकीय भाषांचंही तेच. नाव माहीत असलेला शिक्षक पहिल्या वर्षी तिथे भेटतो. ‘निदान एका विषयात’ ही आमची अट बऱ्याच ठिकाणी अशी पुरी झाली.

खरी अडचण वर्गाच्या आकारापेक्षा वर्गात जागा मिळण्याची असते. नोंदणीचा क्रम बहुतेक ठिकाणी मिळवलेल्या क्रेडिट्सवर ठरतो: जुने आधी, नवे शेवटी. ऑनर्सची (निवडक मुलांच्या खास कार्यक्रमातली) मुलं, खेळाडू, अपंगत्वामुळे सवलत असलेली मुलं यांना अनेक ठिकाणी आधीची वेळ मिळते. शाळेत असतानाच्या एपी किंवा आयबी अभ्यासक्रमांची क्रेडिट्स कित्येक विद्यापीठं या क्रमात धरतात, म्हणून ती वेळेत पोचवावीत. शेड्यूल बघायचा उत्तम काळ नोव्हेंबर आणि एप्रिल, कारण पुढच्या सत्राची नोंदणी तेव्हा सुरू असते आणि कुठला वर्ग किती दिवसांत भरतो ते डोळ्यांसमोर दिसतं. ‘जागा आहे’ असं दिसलं तरी खालची बारीक टीप वाचायची. कित्येक जागा त्या-त्या मेजरच्या मुलांसाठी राखीव असतात.

परदेशातून जाणाऱ्या मुलांना हे जास्त झोंबतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला दर सत्रात पूर्णवेळ, म्हणजे सहसा १२ क्रेडिट्स घ्यावीच लागतात, आणि त्यात ऑनलाइनचा एकच वर्ग, तीन क्रेडिट्सपर्यंत, धरला जातो. हवे ते वर्ग भरले आणि उरलेल्या जागा ऑनलाइन सेक्शनमध्ये असल्या, तर अमेरिकन मूल त्या घेऊन मोकळं होतं. आपल्या मुलांना नको असलेला विषय गळ्यात घेऊन १२ पुरे करावे लागतात. अशी दोन सत्रं गेली की पदवी लांबते, मग आय-२० ची (व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदाची) मुदत वाढवायला सबळ शैक्षणिक कारण द्यावं लागतं. म्हणून कुठला विषय कुठल्या सत्रात असतो, वेटलिस्ट किती पुढे सरकते, हे प्रवेशाआधीच विचारावं.

मेजरचं दार हा दुसरा मोठा अडसर. विद्यापीठात प्रवेश आणि हव्या त्या मेजरमध्ये प्रवेश या वेगळ्या गोष्टी असू शकतात. पर्ड्यूत इंजिनिअरिंगची मुलं आधी फर्स्ट-इयर इंजिनिअरिंगमध्ये जातात आणि शाखा नंतर ठरते. टेक्सास ए अँड एममध्ये पहिलं वर्ष सामायिक असतं, मग पसंतीक्रम भरून गुणांवर शाखा मिळते. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सिअ‍ॅटल कॅम्पसवर कम्प्युटर सायन्सला मुख्यतः सुरुवातीलाच थेट प्रवेश देतात, नंतर आत शिरणं फार कठीण. तेव्हा ‘मोठ्या ठिकाणी शंभर मेजर्स, कधीही बदला’ हे अर्धसत्य आहे. इतिहासातून मानसशास्त्रात जाणं सहसा सोपं. इंजिनिअरिंग, कम्प्युटर, बिझनेस, नर्सिंग यांत मागाहून शिरणं अवघड. लेकीचं एक अधोरेखित वाक्य हेच होतं, आणि यादीतली सर्वात जास्त नावं याच मुद्द्यावर कटली. विभागाच्या पानावर ‘चेंज ऑफ मेजर’चे नियम वाचावेत: किमान जीपीए (ग्रेडची सरासरी), आधी करायचे विषय, आणि मुख्य म्हणजे अट पुरी केली की जागा नक्की, की फक्त अर्ज करायचा हक्क.

मोठेपणा आटोक्यात आणायच्या सोयीही असतात. युसी सॅन डिएगोत पदवीची मुलं आठ कॉलेजांत वाटलेली आहेत आणि प्रत्येक कॉलेजचे सामान्य शिक्षणाचे विषय वेगळे. मिशिगन स्टेटमध्ये जेम्स मॅडिसन आणि लायमन ब्रिग्ज ही १९६७ पासूनची निवासी कॉलेजं आहेत, एक सार्वजनिक धोरणासाठी, एक विज्ञानासाठी. ऑनर्स कॉलेज हा आणखी एक रस्ता. तिथे विचारायचं एवढंच की वर्ग खरोखर वेगळे आहेत, की नेहमीच्याच वर्गात एक जादा निबंध लिहून घेतात. संशोधनासाठी मिशिगनच्या ‘यूरॉप’सारखा (UROP) कार्यक्रम असेल, जो पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना लॅबशी जोडून देतो, तर मोठं असणं फायद्याचंच, कारण लॅब्जच अगणित.

राहण्याचं लवकर उरकतं. ओहायो स्टेटमध्ये बहुतेक मुलांना पहिली दोन वर्षं कॅम्पसवर राहावं लागतं, म्हणजे तेवढी सोय असते. कित्येक ठिकाणी पहिल्याच वर्षाची हमी, पुढचं आपलं आपण. नकाशाही उघडावा. रटगर्सचं न्यू ब्रन्सविक पाच भागांत पसरलंय आणि त्यांच्यामधून बस धावते. मिशिगनचं इंजिनिअरिंग नॉर्थ कॅम्पसवर, बाकीचं बरंचसं सेंट्रलवर. खोट्या वेळापत्रकातल्या इमारती नकाशावर जोडल्या की दोन वर्गांमधल्या दहा मिनिटांत पोचणं जमेल का ते कळतं. आणि फुटबॉल: मिशिगनच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे. सामन्याच्या शनिवारी गाव कसं असेल, हे शांतता लागणाऱ्या मुलाने आधी ऐकलेलं बरं.

पदवी मिळण्याचा दर बघताना सहा वर्षांचा आकडा पुढे केला जातो, कारण सरकारी मोजणी नेमलेल्या काळाच्या दीडपट धरते. आपण चार वर्षांचा शोधायचा. दोन्हींत मोठी दरी असेल तर कारण विचारायचं: को-ऑपमुळे (शिकता शिकता कंपनीत केलेल्या कामामुळे) असेल तर चिंता नाही, वर्ग न मिळाल्यामुळे असेल तर आहे.

विद्यार्थ्यांची दैनिकं फार उपयोगी पडली. मिशिगन डेली १८९० पासून निघतं, आणि अशी वृत्तपत्रं मुलंच चालवतात. त्यांत ‘अ‍ॅडव्हायझिंग’, ‘हाउसिंग’, ‘वेटलिस्ट’ असं शोधलं की तक्रारी एका वर्षाच्या आहेत की दरवर्षीच्या, हे समजतं. विभागाच्या अ‍ॅडव्हायझरला (विषय निवडायला मदत करणाऱ्या सल्लागाराला) ईमेलने विचारलं: एका अ‍ॅडव्हायझरकडे किती मुलं, आणि ऑक्टोबरमध्ये भेटीची वेळ किती दिवसांनी मिळते? उत्तर काय आलं याइतकंच ते किती दिवसांनी आलं हेही आम्ही टिपलं. प्रत्यक्ष जाता आलं तर उन्हाळ्यात किंवा सजवलेल्या स्वागतदिनी न जाता सत्राच्या मधल्या आठवड्यात जावं आणि मोठ्या हॉलच्या मागच्या ओळीत बसावं. तिथून फळा दिसतो का, आजूबाजूची मुलं काय करताहेत, वर्ग सुटल्यावर प्राध्यापकापाशी कोणी थांबतं का, एवढं बघायचं.

होकार कळवायची तारीख सहसा १ मे. त्यानंतर हॉस्टेलचा अर्ज लगेच भरावा, कारण कित्येक ठिकाणी खोलीचा क्रम अर्जाच्या तारखेवर लागतो. ओरिएंटेशनची मिळेल ती सर्वात आधीची तारीख घ्यावी. नव्या मुलांची पहिली नोंदणी बऱ्याच विद्यापीठांत तिथेच होते, आणि परदेशी मुलांसाठीचं ओरिएंटेशन उशिराचं असेल तर ऑनलाइन आधी नोंदणी करता येईल का, हे अ‍ॅडव्हायझरला मे महिन्यातच विचारून ठेवावं.