बाखच्या नृत्यरचना आणि आजचा पियानो

मुंबई, पुणे किंवा गोव्यात पियानो शिकणारे बहुतेक विद्यार्थी लंडनच्या परीक्षामंडळांच्या ग्रेड परीक्षा देत पुढे सरकतात, आणि त्यामुळे बरोक काळातील (साधारण १६०० ते १७५०) नृत्यरचनांशी त्यांची गाठ फार लवकर पडते. सुरुवातीला एखादे मिन्युएट, मग एखादी गव्हॉत, वरच्या ग्रेडमध्ये एखादी जीग. आणि शोपँकडे लवकर पोहोचता यावे म्हणून पुष्कळ जण हा भाग कसाबसा उरकतात. मी पियानो प्रौढ वयात शिकायला घेतला, परीक्षांची घाई मला नव्हती, म्हणून या रचनांवर मनसोक्त रेंगाळता आले. सध्या माझ्या रियाजात जर्मन संगीतकार योहान सेबास्टियान बाख याचा जी मेजरमधील पाचवा फ्रेंच स्वीट, म्हणजे नृत्यांची मालिका, आहे. आलेमांद, कुराँत, सराबांद, गव्हॉत, बूरे, लूर आणि जीग अशी सात नृत्ये त्यात एकामागून एक येतात. त्यावर काम करताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. स्वर किती जोरात वाजवला यापेक्षा तो कधी सोडला, यावर या संगीतातले नृत्य अवलंबून असते, आणि नेमक्या याच बाबतीत आजचा पियानो वादकाला फारशी मदत करत नाही.

याचे कारण वाद्यांच्या घडणीत आहे. पियानोच्या आधीचे वाद्य हार्पसिकॉर्ड. त्याची पट्टी दाबली की पिसाच्या देठाची बारीक नखी तार छेडते. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच येतो, आणि बोट उचलताच कापडाचा छोटा तुकडा तारेवर टेकून तो थांबवतो. लहानमोठा आवाज हाती नसल्यामुळे वादकाला एखादी मात्रा वजनदार करायची असेल तर तिच्याआधी किंचित मोकळी जागा सोडावी लागते, किंवा तो स्वर थोडा जास्त धरावा लागतो. पियानोत मात्र हातोडी तारेवर आदळते. फ्लोरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास ही युक्ती शोधली ती बोटाच्या जोराप्रमाणे आवाज बदलावा यासाठीच. पुढे लोखंडी चौकट आली, जाड आणि ताणलेल्या तारा आल्या, पेडल आले, आणि स्वर लांबवणे व एकमेकांत मिसळणे हा या वाद्याचा स्वभावच झाला. बाखने हे स्वीट १७२० च्या दशकाच्या पूर्वार्धात लिहिले. पहिल्या पाच स्वीटांची आरंभीची रूपे त्याची दुसरी पत्नी आना माग्डालेना हिच्यासाठी १७२२ मध्ये केलेल्या वहीत आढळतात, आणि घरात वाजवायच्या त्या वहीमागे हार्पसिकॉर्ड आणि त्याहून नाजूक आवाजाचे क्लॅव्हिकॉर्ड ही वाद्ये होती. तीच रचना आज पियानोवर घेतली की पहिल्या मात्रेवर ठोसा मारून ताल दाखवण्याचा मोह होतो, आणि नाचाऐवजी कवायत ऐकू येते.

मला पियानो शिकवणाऱ्या बाईंनी यावर सुचवलेला उपाय अगदी साधा आहे. माझ्या घरी डिजिटल पियानो आहे आणि त्यात हार्पसिकॉर्डच्या आवाजाचे बटण आहे. तो आवाज लावला की पट्टी कितीही जोरात दाबली तरी ध्वनीची पातळी बदलत नाही, म्हणजे जोराचा आधार आपोआप निघून जातो. नवी रचना मी आधी याच आवाजात बसवतो. पहिली मात्रा ओळखू येत नसेल तर तिच्याआधीचा स्वर आखूड करावा लागतो, दुसरा मार्गच नसतो. असे करून ताल उभा राहिला की मग पियानोच्या आवाजावर परत यायचे आणि त्या मोकळ्या जागा तशाच राखायच्या. हे म्हणायला सोपे आहे. पियानोच्या पट्ट्या जड असतात, त्या सुमारे दहा मिलिमीटर खाली जातात, आणि बोट वेळेवर उचलण्याची शिस्त जोर लावण्याच्या सवयीपुढे लगेच हार मानते.

बोटे कशी ठेवावीत याबद्दल बाखने स्वतः लिहून ठेवलेला एक पुरावा आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याच्यासाठी १७२० मध्ये सुरू केलेल्या वहीत ‘आप्लिकात्सिओ’ नावाची छोटी रचना आहे. तिच्यात उजव्या हाताला वर जाताना तिसरे, चौथे, पुन्हा तिसरे, पुन्हा चौथे असे बोटांचे आकडे दिले आहेत. अंगठा खालून सरकवण्याची आजची पद्धत अंगवळणी पडलेल्याला हे विचित्र वाटते. पण ते आकडे पाळून सावकाश वाजवले की स्वर आपोआप जोडीजोडीने पडतात, जोडीतला पहिला भारी आणि दुसरा हलका होतो, आणि दोन जोड्यांमध्ये केसाएवढी फट राहते. ती फट मला हवी आहे. मी वेगवान भागात आजचीच बोटे वापरतो, पण एखादी ओळ निर्जीव वाटू लागली की ती जुन्या आकड्यांनी काही वेळा वाजवून पाहतो आणि मग तोच उच्चार आजच्या बोटांत आणतो. बाखचा दुसरा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल याने १७५३ च्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे की जे स्वर तोडूनही वाजवायचे नाहीत आणि जोडूनही नाहीत, ते लिहिलेल्या लांबीच्या निम्मेच धरावेत. हा नियम शब्दशः पाळला तर पियानोवर रचना फार कोरडी होते असे माझे मत आहे. तरीही सारे काही गुळगुळीत जोडण्याची आपली सवय किती अलीकडची आहे, हे त्यातून कळते.

मिन्युएटची गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण ते सर्वांनी वाजवलेले असते. आना माग्डालेनाच्या १७२५ च्या वहीतले जी मेजरमधील प्रसिद्ध मिन्युएट पिढ्यान्‌पिढ्या बाखच्या नावावर शिकवले गेले. ते ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक क्रिस्तियान पेत्सोल्ड याचे आहे. बहुतेक विद्यार्थी ते एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असे मोजतात आणि प्रत्येक एकावर आपटतात. नाचणाऱ्याचे पाऊल मात्र तीन मात्रांत पूर्ण होत नाही. मिन्युएटचे मूळ पाऊल सहा मात्रांचे, म्हणजे दोन बारचे (बार म्हणजे लिखित संगीतातील दोन उभ्या रेघांमधला मात्रांचा गट) असते आणि त्यात पाय चार वेळा टेकतात. त्याच्या एका प्रचलित रूपात ही टेकणी पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मात्रेवर येतात, तर दुसऱ्या आणि सहाव्या मात्रेला गुडघे वाकतात. बाईंनी मला पियानोपासून उठवून हे चार वेळा पाय टेकणे खोलीभर चालायला लावले. माझी चाल कोणी पाहू नये अशीच होती, पण दुसऱ्या मात्रेला शरीर खाली जाते आणि तिसरीला वर येते हे एकदा अंगात शिरले की डाव्या हाताचा तिसरा स्वर आपोआप सुटा आणि हलका होतो. दोन बारचा मिळून एकच श्वास होतो आणि सुरावट खुरडत चालण्याचे थांबते.

गव्हॉत आणि बूरे कागदावर जुळ्या बहिणी वाटतात. दोन्हींत बारमध्ये दोन मोठ्या मात्रा असतात, दोन्ही चपळ असतात, दोन्ही बारच्या रेघेआधी सुरू होतात. बूरे एका छोट्या पाव मात्रेच्या (क्वार्टर नोटच्या) उडीवर सुरू होते, तर गव्हॉत थेट अर्ध्या बारपासून. ख्यालातला मुखडा ज्यांनी ऐकला आहे त्यांना गव्हॉतचा हा अर्धा बार लगेच ओळखीचा वाटेल, कारण तोही समेकडे नेतो आणि स्वतः सम होत नाही. पाचव्या स्वीटच्या गव्हॉतमध्ये ही ओढ प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी पुन्हा येते. उजव्या हाताचे ते पहिले दोन स्वर सुटे, हलके ठेवायचे आणि तिसऱ्याला हाताचे वजन सोडायचे. ते दोन जोडून टाकले की तोल जातो आणि ऐकणाऱ्याला बार भलतीकडेच सुरू झाल्यासारखा वाटतो. हाम्बुर्गचा योहान माटेसोन याने १७३९ च्या ग्रंथात प्रत्येक नृत्याला एकेक भाव नेमून दिला आहे. गव्हॉतला त्याने उसळता आनंद दिला आणि तिने धावू नये, उड्या माराव्यात असे सांगितले. हे वाचल्यापासून मी गव्हॉतचा वेग कमी केला.

वेगाबद्दल बोलायचे तर मेट्रोनोमचे आकडे या काळात नाहीत, पण फ्रेडरिक द ग्रेटचा बासरीशिक्षक क्वांट्स याने १७५२ मध्ये मनुष्याच्या नाडीवरून वेग मोजण्याची पद्धत लिहिली. नाडी मिनिटाला सुमारे ऐंशी धरावी, तीही आनंदी माणसाची, दुपारच्या जेवणानंतरची, असा त्याचा तपशील आहे. त्याच्या हिशेबाने मिन्युएटमध्ये दोन मात्रांना एक ठोका पडतो, म्हणजे मिनिटाला एकशेसाठ मात्रा होतात, आणि हे परीक्षांच्या मिन्युएटांहून कितीतरी जलद आहे. सराबांदला प्रत्येक मात्रेला एक ठोका. हे वेग मुख्यतः प्रत्यक्ष नाचासाठी दिलेले आहेत आणि बाखची आलेमांद ऐकून कोणी पाय थिरकवत नसणार, म्हणून मी ते हुकूम मानत नाही. पण मिन्युएट एकशेसाठला वाजवून पाहावे. त्यातला जडपणा कुठे लपला होता ते दिसते.

सराबांद हा माझा आवडता भाग. हे नृत्य सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये इतके अश्लील समजले जाई की १५८३ मध्ये त्यावर बंदी आली. फ्रान्सच्या दरबारात पोहोचेपर्यंत ते संथ आणि भारदस्त झाले. माटेसोनने त्याला मानाची आकांक्षा हा भाव दिला आहे. तीन मात्रांतील दुसरी मात्रा इथे रेंगाळते. पियानोवर ती जोराने दाखवली तर ओबडधोबड वाटते; पहिली मात्रा थोडी लवकर सोडून दुसरीत सावकाश उतरावे, तीही सर्वात मोठ्या आवाजाची नसावी, फक्त सर्वात लांब वाटावी. इथेच अलंकारांचा प्रश्न येतो. फ्रीडेमानच्या वहीत बाखने चिन्हांचा एक तक्ता दिला आहे, त्यात ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांची जलद अदलाबदल, वरच्या स्वरापासून सुरू होते आणि मात्रेवर पडते. हे ध्यानात ठेवले की ट्रिल शोभेची न राहता तणावाची होते, कारण तो वरचा स्वर खालच्या सुरांशी घासतो. दोन्ही भागांच्या पुनरावृत्तीत काय बदलावे हे ज्यांना कळत नाही त्यांनी बाखचे दुसरे आणि तिसरे इंग्लिश स्वीट पाहावेत. तिथे त्याने सराबांद आधी साधी आणि मग अलंकारांसह, अशी दोनदा लिहून दिली आहे. यापेक्षा चांगला शिक्षक मिळणार नाही. पावसाळ्यात मात्र आमच्या बाईंच्या जुन्या अपराइटच्या पट्ट्या दमट हवेने फुगून सुस्त होतात आणि लांब ट्रिल अडखळते. जुलैत मी त्या पियानोवर मॉर्डेंट या आखूड, एका झटक्याच्या अलंकारावरच भागवतो.

पेडलविषयी दोन टोकाची मते आहेत. आंद्राश शिफसारखे वादक बाखच्या रचना जवळजवळ पेडलशिवाय वाजवतात, आणि शिकणाऱ्याने महिनोन्‌महिने तसेच करावे असे मीही म्हणेन, कारण पेडलखाली बोटांचा सगळा आळस दडतो. पण हार्पसिकॉर्डची हुबेहूब नक्कल करण्यात मला अर्थ वाटत नाही. पियानोजवळ एक ताकद अशी आहे की तिच्यासाठी हार्पसिकॉर्डवादकांनी हेवा करावा: एकाच हातातील दोन आवाजांना, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन सुरावटींना, वेगवेगळे वजन देणे. पाचव्या स्वीटची जीग तीन आवाजांची आहे. उजवा हात एकटा सुरुवात करतो, मग इतर आवाज तोच विषय घेऊन सामील होतात, आणि दुसऱ्या भागात तो विषय उलटा होऊन येतो, वर झेपावणारे स्वर खाली उतरतात. मधला आवाज पियानोवर किंचित उजळ करता येतो आणि ऐकणाऱ्याला तो उलटा विषय पटकन सापडतो. फक्त डाव्या हाताच्या जाड तारांना आवर घालावा लागतो, नाहीतर त्या सगळ्यांना गिळून टाकतात.

या सगळ्या नृत्यांत कुराँत अजून मला पूर्ण वश झालेली नाही. पाचव्या स्वीटमधली इटालियन धाटणीची, तीन मात्रांत पळणारी कुराँत बोटांचे काम आहे, सरावाने येते. डी मायनरमधल्या पहिल्या स्वीटची फ्रेंच कुराँत वेगळी आहे. तिच्या बारमधील सहा पाव मात्रा कधी दोनदोनच्या तीन गटांत पडतात, कधी तीनतीनच्या दोन गटांत, आणि एक हात एका हिशेबाने चालत असताना दुसरा हात दुसऱ्या हिशेबाकडे वळतो. चौदावा लुई या नृत्यात निपुण होता असे त्या काळचे नृत्यशिक्षक लिहून गेले आहेत. सध्या मी डावा हात एकटा वाजवतो आणि उजव्या हाताची गटवारी टाळीने मोजतो, मग हात बदलतो. प्रत्येक भागाच्या शेवटच्या बारमध्ये दोन्ही हात तीनतीनच्या दोन गटांवर येऊन भेटतात, आणि तोवरचा सगळा गुंता तिथे आल्यावर सुटतो. सुटतो म्हणजे कागदावर. हातात यायला पुढचा पावसाळा लागेल असे बाईंचे मत आहे, आणि त्यांनी हे सांगताना पेन्सिलने माझ्या वहीत पुढच्या कुराँतचे पानही दुमडून ठेवले आहे.