लेझर घ्यावा की व्हिडिओ प्रोजेक्टर? आधी चित्र बघा

सोसायटीच्या गणपतीला समोरच्या भिंतीवर काहीतरी दाखवायचं आहे आणि बजेट एकाच मशीनचं आहे. अशा वेळी वॅट आणि लुमेनच्या (डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाचं माप) जाहिरातीत शिरण्याआधी एकच हिशेब करावा: चित्राचा किती भाग खरोखर उजळलेला असणार?

व्हिडिओ प्रोजेक्टर आपला प्रकाश अख्ख्या चौकटीवर पसरतो आणि जिथे काळं हवं तिथला प्रकाश मशीनच्या पोटातच वाया घालवतो. ३००० लुमेनच्या प्रोजेक्टरवर काळ्या पार्श्वभूमीवर बारीक रेघांचं चित्र लावलं आणि रेघांनी चौकटीचा १ टक्का भाग व्यापला, तर भिंतीवर पोचतात जेमतेम ३० लुमेन. लेझरमध्ये तसं होत नाही. त्यात एकच ठिपका असतो, गॅल्व्होवर (झटपट वळणाऱ्या छोट्या मोटरवर) बसवलेले दोन इवलेसे आरसे त्याला आडवा-उभा पळवतात. एका रेघेवरून दुसरीवर उडी मारताना किरण विझतो तेवढाच तोटा, बाकी सगळा प्रकाश रेघेत.

आता लेझरचे लुमेन काढू. '३ वॅट आरजीबी' (लाल, हिरवा, निळा मिळून) म्हणून विकल्या जाणाऱ्या मशीनमध्ये बऱ्याचदा निम्मा वाटा निळ्याचा असतो, कारण निळा डायोड वॅटमागे स्वस्त पडतो. पण डोळ्याला ४५० नॅनोमीटरचा निळा फार मंद दिसतो: १ वॅट म्हणजे साधारण २६ लुमेन. ५२० नॅनोमीटरचा हिरवा १ वॅटला ४८५च्या आसपास, ६३८चा लाल १३०च्या आसपास. म्हणजे ०.७ वॅट लाल, ०.८ हिरवा, १.५ निळा असं मशीन मिळून सुमारे ५०० लुमेन देतं. घेताना एकूण वॅट विचारू नका, तिन्ही रंगांचे वेगवेगळे विचारा.

३००० आणि ५००. चित्राचा एक षष्ठांशाहून कमी भाग उजळलेला असेल, तर या दोघांत लेझर ठसठशीत दिसेल. त्याहून जास्त असेल, फोटो असेल, भरीव रंग असेल, तर लेझरचा विचारच करू नये. लेझरने रंग भरता येत नाही. आडव्या रेघा ओढून भरायला गेलात की चित्र लुकलुकायला लागतं.

ही लुकलुक हेच लेझरचं खरं दुखणं. ३० केपीपीएसची गॅल्व्हो म्हणजे सेकंदाला ३०,००० पॉइंट. सेकंदाला २५ फ्रेम हव्यात, तर एका फ्रेमला मिळाले १२००. भरपूर वाटतात, पण प्रत्येक कोपऱ्यावर आरसा थांबावा म्हणून तोच पॉइंट चार-सहा वेळा द्यावा लागतो, आणि प्रत्येक उडीच्या आधी-नंतर विझलेले पॉइंट वेगळेच. 'गणपती बाप्पा मोरया' साध्या फाँटमध्ये टाकलं की सॉफ्टवेअर अक्षरांची बाह्यरेषा काढतं. प्रत्येक काना दोनदा, शिरोरेषाही दोनदा, आणि १२०० पॉइंट कुठल्या कुठे संपतात. त्यापेक्षा इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेरी रेघेने अक्षरं काढा. शिरोरेषा एका दमात डावीकडून उजवीकडे, मग परत येताना एकेक अक्षर. उड्या कमी होतात आणि ओळ स्थिर दिसते. सोंडेसारख्या वळणदार रेघा मात्र स्वस्तात होतात, कारण वळणावर थांबावं लागत नाही.

केपीपीएसचा आकडाही अर्धवट सांगितला जातो. तो ८ अंशाच्या कोनासाठी असतो. त्याच वेगात ४० अंशांवर चित्र ताणलं की कोपरे गोल होतात, गॅल्व्हो किंचाळते आणि तापते. विकत घेण्यापूर्वी इल्डा या लेझर शोवाल्यांच्या संघटनेचं टेस्ट पॅटर्न लावून बघा: मधलं वर्तुळ चौकोनाच्या आत, चारही बाजूंना जेमतेम टेकलेलं दिसलं पाहिजे. ते बाहेर डोकावत असेल किंवा आत आक्रसलं असेल, तर ट्युनिंग किंवा वेग चुकलेला आहे. मागे पंचवीस पिनांचं इल्डा सॉकेट नसेल, तर ते मशीन आतल्या ठरावीक नक्षींपलीकडे फारसं काही दाखवणार नाही. संगणकाला जोडायला हेलिओससारखा यूएसबी डॅक (संगणकातलं चित्र लेझरच्या सिग्नलमध्ये बदलणारा डबा) पुरतो. सगळं जोडूनही भिंत कोरडीच राहिली, तर आधी ४ आणि १७ या पिना तपासा. ते इंटरलॉक (सुरक्षेचं कुलूप) आहे, वायर तिथे जुळलेली नसेल तर किरण सुटणारच नाही.

व्हिडिओ प्रोजेक्टरची दुखणी वेगळी. १.५ थ्रो रेशो (भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) असेल तर ४ मीटर रुंद चित्रासाठी ६ मीटर मागे जावं लागतं. ४ बाय २.२५ मीटरवर ३००० लुमेन म्हणजे सुमारे ३३० लक्स (दर चौरस मीटरला लुमेन). पांढऱ्या भिंतीवर, रस्त्यावरच्या दिव्यांतही हे चालून जातं. काळ्या दगडाच्या वाड्यावर मात्र बराचसा प्रकाश दगडच गिळतो, तिथे लेझरची रेघच टिकते. दुसरं म्हणजे काळा कधी पूर्ण काळा नसतो. कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) १०००:१ धरला तर तीन लुमेन कायम गळत राहतात आणि अंधाऱ्या भिंतीवर करड्या रंगाचा आयत दिसतो. यावर उपाय पुठ्ठ्याचा: लेन्सच्या काही सेंटिमीटर पुढे काळा पुठ्ठा आकारात कापून धरायचा, कड आपोआप मऊ होते. पुठ्ठा लेन्सला किंवा गरम हवेच्या झरोक्याला टेकवू नका. कीस्टोनचं (तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करणारं) बटण शक्यतो वापरू नये, त्यात पिक्सेल वाया जातात. मशीन सरळ लावा आणि उरलेलं मॅपिंग सॉफ्टवेअरमध्ये ओढा.

(दुकानात 'लेझर प्रोजेक्टर' मागितलात तर लेझरचा प्रकाशस्रोत असलेला साधा व्हिडिओ प्रोजेक्टर पुढे येण्याची शक्यता मोठी. दिवा बदलायची कटकट नाही, एवढाच त्याचा फायदा. वरचा सगळा हिशेब त्याला व्हिडिओचाच लागतो.)

हवेतले किरण हवे असतील तर दोन्हींना धूर लागतो. धूर मशीन ढग सोडतं, हेझर पातळ धुकं. हेझरच बरा, आणि तोही बंदिस्त जागेत. गच्चीवर वाऱ्यापुढे कुणाचंच चालत नाही. लेझर नसेल तर व्हिडिओ प्रोजेक्टरने काळ्यावर पांढऱ्या वर्तुळाची बारीक कड दाखवा, धुक्यात त्याचा पोकळ शंकू उभा राहतो. रंगीत चाक असलेल्या डीएलपी प्रोजेक्टरमध्ये (रंग एकामागून एक दाखवणाऱ्या) त्या शंकूच्या कडेला रंग फुटलेले दिसतात, थ्री-एलसीडीत (तिन्ही रंग एकदम दाखवणाऱ्या) नाही.

उन्हाळ्यात लेझरचा लाल डायोड तापला की मंदावतो आणि पांढरा रंग हिरवट-निळसर होतो. वरून ऊन, खाली पत्रा अशा ठिकाणी मशीन ठेवू नये. पावसाळ्यात एसी गाडीतून काढल्याबरोबर चालू करू नये, आतल्या काचांवर दव धरतं.

आता सुरक्षेचं. हे मी तडजोडीचं मानत नाही. ५०० मिलिवॅटच्या वरचा लेझर चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गात येतो. ३ वॅटचा, १ मिलिरेडियन (हजार मीटरवर एक मीटर) फाकणारा स्थिर किरण सुमारे ३९० मीटरपर्यंत डोळ्याला धोकादायक असतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याचा सेन्सरही त्याने जळतो. प्रेक्षक उभे आहेत तिथून किमान ३ मीटर वर, मागे कोरी भिंत, खिडकी किंवा काच नाही, आणि चालवणाऱ्याच्या हाताशी किरण लगेच बंद करणारं लाल बटण. आरसे अडकले तर किरण बंद करणारं सर्किट मशीनमध्ये नसेल, तर ते घेऊ नका. आकाशात किरण सोडायचा नाही, विमानं असतात. गर्दीच्या अंगावर लेझर फिरवणं हौशी माणसाचं काम नाही. मिरवणुकीतल्या लेझरने डोळे दुखावल्याच्या तक्रारींनंतर पुणे पोलिसांनी २०२४च्या गणेशोत्सवात लेझर बीमवर बंदीचा आदेश काढला होता. असे आदेश ठरावीक मुदतीचे असतात आणि दर वर्षी बदलतात, म्हणून मशीन भाड्याने ठरवण्याआधी त्या वर्षीचा आदेश आपल्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या. व्हिडिओ प्रोजेक्टरसाठी ही धावपळ सहसा करावी लागत नाही.