अंबाझरीच्या पाणलोटात दोन तास

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या आमच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं. हे पाणी येतं कुठून, ते एकदा पायी जाऊन पाहायचं, असं तेव्हापासून मनात होतं. मागच्या ऑक्टोबरात जमलं. अंबाझरी जैवविविधता उद्यानात माहितगारासोबत सकाळची फेरी होती. आम्ही बारा जण होतो.

ज्या नदीवरून शहराला नाव मिळालं, ती नाग नदी लावा गावाजवळच्या टेकड्यांकडून येते. तलाव जुना, भोसल्यांच्या काळातला. एके काळी शहर हेच पाणी प्यायचं. आता पेंच-कन्हान नद्यांचं येतं, म्हणून या माळरानाकडे कुणी वळून बघत नाही. तिथे आहे काय? गुडघ्याच्या वर गवत, मधूनमधून पळस, कुठे मोराची हाक. पहिल्या अर्ध्या तासात मला तरी विशेष काही दिसलं नाही.

मग आमचे माहितगार भाऊ थांबले. त्यांनी अर्धी बाटली पायवाटेवर ओतली. पाणी सरळ धावत उताराला लागलं. उरलेली अर्धी दोन पावलांवर, गवताच्या बुंध्याशी. ओल तेवढी दिसली, पाणी नाही. "तिथं वतलं तं पयते, इथं वतलं तं जिरते," ते म्हणाले. आमच्या घरात शिरलेल्या पाण्याचा विचार करत मी बराच वेळ तिथेच उभी होते. त्या रात्रीएवढा पाऊस एकटं गवत अडवू शकलं नसतं, हे कळतं. पण वर हे माळरान नसतं तर?

जाणाऱ्यांसाठी: फेरी आणि तिकिटाच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. पावसाळा सरल्यावरचे दिवस उत्तम. उन्हाळ्यात नागपूरच्या उन्हाशी खेळू नका. पाऊस नुकताच झाला असेल तर काळ्या मातीचे गोळे बुटांना चिकटतात, चप्पल तर तिथेच राहते. पूर्ण पँट आणि जाड मोजे घाला, कुसळं पातळ मोज्यांतून आरपार टोचतात. पाणी घरून न्या. घरी आल्यावर गोचीड आहे का, ते पाहा.

पायवाट सोडू नका. फोटोसाठी गवतात शिरलेल्यांनी दोन ठिकाणी नव्या वाटा पाडल्यात, आणि त्यांवर गवत उरलेलं नाही.

मुलं सोबत असतील तर बाटली त्यांच्याच हाती द्या.