परतीचे सहाशे किलोमीटर

रविवार, रात्री साडेदहा. सॅन होजे.

भाड्याची आरव्ही, म्हणजे पलंग, स्वयंपाकघर आणि संडास असलेली फिरत्या घरासारखी गाडी, घरासमोर रस्त्याच्या कडेला उभी आहे आणि उद्या सकाळी अकराच्या आत ती परत करायची आहे. सामानाचा मोठा भाग उतरवून झाला असला तरी दोन्ही मुलांनी ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग आजची रात्र सोडणार नाही असे जाहीर केल्यामुळे त्यांची अंथरुणे, आणि त्यांच्यासोबत माझा नवरा, अजून गाडीतच आहेत. ग्रँड कॅन्यनबद्दल मी सहलीतच पुष्कळ लिहिले आहे. आज लिहायचे आहे ते परतीच्या दिवसाबद्दल, कारण या दिवसाकडून माझी काहीच अपेक्षा नव्हती.

काल अ‍ॅरिझोनातून निघून आम्ही बारस्टोजवळच्या कॅलिकोला मुक्काम केला होता. १८८१ साली चांदीच्या खाणीसाठी वसलेले आणि चांदीचा भाव कोसळल्यावर ओस पडलेले हे गाव आता पर्यटकांसाठी जपलेले आहे; पण सकाळी त्याच्याकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. निघण्यापूर्वीचे पहिले काम टाक्या रिकाम्या करण्याचे. आधी संडासाची टाकी सोडायची आणि तिच्यामागून मोरीच्या सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. हा क्रम माझ्या सासऱ्यांनी पहिल्याच मुक्कामात आत्मसात केला आणि त्यानंतर हातमोजे कोणाच्या हाती लागू दिले नाहीत. त्यांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. पुण्याहून येताना ‘घर पाठीवर घेऊन हिंडायचे कशाला?’ असे विचारणारे बाबा, चाळीस गॅलनची म्हणजे साधारण दीडशे लिटरची पाण्याची टाकी आणि सहा माणसे एवढे समजताच गाडीचे पाणीवाटप अधिकारी झाले. भिंतीवरचे टाकीची पातळी दाखवणारे दिवे बहुतेक आरव्हींमध्ये खोटे बोलतात, तसे आमचेही बोलत होते. म्हणून बाबांनी वहीत स्वतंत्र नोंद ठेवली: कोणाची अंघोळ, किती मिनिटे, भांडी कोणी घासली. थोरलीने केस धुतल्याची नोंद तर लाल शाईत आहे.

मोहावीच्या वाळवंटात मार्चअखेरीस वारा फार असतो आणि आरव्हीसारख्या उंच, सपाट अंगाच्या गाडीला तो आडवा झोडपतो. समोरून मोठा ट्रक गेला की गाडी आधी एका बाजूला ढकलली जाते आणि लगेच दुसऱ्या बाजूला ओढली जाते. स्टिअरिंग नुसते धरून चालत नाही, आधीच थोडे वळवून ठेवावे लागते. बारस्टोपासून मोहावी गावापर्यंत मीच चालवत होते आणि ताशी ५५ मैलांच्या वर जाण्याची मला इच्छाच झाली नाही. बोरॉनची सोहाग्याची खाण, विमानतळावर ओळीने उभी केलेली निवृत्त विमाने, हे सारे खिडकीतूनच पाहिले. जाताना प्रत्येक फलकाशी थांबा मागणारी मुले परतीच्या वाटेवर कशासाठीच थांबायला तयार नव्हती. टेहाचापीला आगगाडी स्वतःच्याच रुळांवरून वळसा घेऊन वर चढते. १८७६ सालचे ते वळण भोर घाटातून आगगाडीने ये-जा करत लहानाचा मोठा झालेल्या नवऱ्याला पाहायचे होते, पण त्याचा प्रस्ताव पाच विरुद्ध एक मतांनी पडला.

टेहाचापीची खिंड साधारण चार हजार फुटांवर आहे. डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्यांच्या रांगा आणि उताराला लागताच एकदम हिरवे झालेले डोंगर. उतरताना ब्रेक तापू नयेत म्हणून गिअर खालचा ठेवायचा, त्यामुळे इंजिन सारखे गुरगुरत असते. त्यात आज भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त होता. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ताटांच्या मध्ये पंचे घालून सहलभर त्यांना गप्प ठेवले होते, परंतु डाळ-तांदळाचे डबे रिकामे होत गेले तसतसे ते वाजू लागले. आई म्हणाल्या, ‘‘भरलेले होते तोवर बिचारे बोलले नाहीत.’’

बेकर्सफील्ड ओलांडून बटनविलोच्या विश्रांतिस्थळावर जेवणासाठी थांबलो. उरलेली भाजणी, उरलेला कांदा आणि तळाशी राहिलेले दही, एवढ्यात सहा जणांचे जेवण बसवायचे होते आणि आईंनी ते बसवले. शेजारी ट्रकवाल्यांची रांग आणि आमच्या खिडकीतून बाहेर पडणारा थालीपिठाचा वास. सहलीतल्या कोणत्याही उपाहारगृहापेक्षा मला हे जेवण अधिक आवडले, हे येथे नोंदवून ठेवते. घरी बोलून दाखवले तर आई पुढच्या वेळी सगळीकडे स्वतःच रांधायला बसतील.

पुढे आय-फाइव्ह. हा महामार्ग कंटाळवाणा म्हणून बदनाम आहे आणि ते खरेच आहे: सरळ रस्ता, बदामाच्या बागा, कोलिंगाजवळ हजारो गुरांच्या तळाचा नाकात बसणारा वास. बाबांना मात्र येथेच सहल सापडली, कारण रस्त्याच्या सोबतीने कॅलिफोर्नियाचा मोठा कालवा वाहतो. उत्तरेकडचे पाणी तो दक्षिणेकडे नेतो आणि सकाळी आम्ही ज्या टेहाचापीच्या रांगेतून उतरलो, त्याच रांगेवर दक्षिणेच्या बाजूला हे पाणी पंपांनी एकाच उचलीत १,९२६ फूट वर चढवले जाते. मी एवढे सांगताच बाबा पुढच्या आसनावर येऊन बसले ते पुन्हा मागे गेले नाहीत. अस्तरीकरण कसे आहे, पाझर किती धरतात, शेतकऱ्याला पाणी मोजून कसे देतात, या त्यांच्या प्रश्नांपैकी निम्म्यांची उत्तरे माझ्याजवळ नव्हती.

म्हणून आजचा एकमेव ऐच्छिक थांबा त्यांच्यासाठी घेतला. पाचेको खिंडीकडे वळल्यावर सॅन लुईस जलाशयाच्या काठी गाडी लावली. वारा इतका की गाडीचे दार उघडताना दोन्ही हातांनी धरावे लागले. या धरणामागे मोठी नदी नाही, हे बाबांना प्रथम पटेना. हिवाळ्यात कालव्यातले जादा पाणी पंपांनी वर चढवून येथे साठवायचे आणि उन्हाळ्यात त्याच यंत्रांतून वीज निर्माण करत खाली सोडायचे, अशी ही योजना आहे; १९६२ साली अध्यक्ष केनेडींच्या उपस्थितीत कामाचा आरंभ झाला आणि १९६७ साली धरण पूर्ण झाले. ‘‘म्हणजे घाटघरची थोरली बहीण,’’ महाराष्ट्रातल्या तशाच पाणी वर चढवून वीज करणाऱ्या प्रकल्पाची आठवण काढत बाबा म्हणाले आणि वही काढून बसले. साठा वीस लाख एकर-फुटांहून (एकर-फूट म्हणजे एका एकरावर एक फूट उभे पाणी) थोडा अधिक आहे. एका एकराचे ४३,५६० चौरस फूट त्यांना तोंडपाठ असल्यामुळे गुणाकार लगेच झाला: सुमारे ८९ टीएमसी, म्हणजे ८९ अब्ज घनफूट. कोयनेचे १०५. कोयना अजून पुढे आहे याचे समाधान लपवण्याचा त्यांनी जराही प्रयत्न केला नाही. धाकट्याने विचारले, ‘‘आजोबा, आपली टाकी किती टीएमसी?’’ दशांश चिन्हानंतरची शून्ये मोजत ते दोघे गिलरॉय येईपर्यंत गुंतलेले होते.

हा सगळा प्रवास मला अशा एकत्र असण्यासाठीच लक्षात राहील असे वाटते. घरी आम्ही चार बंद दारांच्या आड राहतो आणि कोणाचे दिवसभर काय चालले आहे हे जेवणाच्या टेबलावर विचारावे लागते. या गाडीत मात्र कोण केव्हा उठले, कोणाला झोप लागली नाही, कोणी पाणी अधिक वापरले, हे न विचारता सर्वांना ठाऊक असे. त्याचा जाच झालाच नाही असे म्हणणार नाही. दोन वेळा मी नुसतीच ‘फेरफटका’ म्हणून बाहेर जाऊन एकटी बसले होते. तरीही आज सामान उतरवताना प्रत्येक जण आपापली पिशवी घेऊन आपापल्या खोलीत शिरला, तेव्हा पाच मिनिटे स्वयंपाकघरात मी एकटीच होते आणि मला ते चमत्कारिक वाटले.

उद्याची कामे: गाडी आतून झाडून घेणे, पेट्रोल निघताना होते त्या खुणेपर्यंत भरणे, चादरी मोजणे. पदपथावरचे पाण्याच्या मीटरचे झाकण सकाळी उघडून दाखव, असे बाबांनी आत्ताच झोपायला जाताना सांगितले आहे. येथे आल्यापासून या घरात किती पाणी लागते हे एकदाही पाहिले नाही, याचे त्यांना आता नवल वाटते. नोंदीसाठी वहीत पाने शिल्लक आहेत. थोरलीला अजून हे कळलेले नाही.